जीर्णोद्धाराचा क्रम : माणदेशातील जुनी मोटार आणि दुरुस्तीचा विवेक

'जीर्णोद्धार' हा शब्द मराठीने देवळासाठी राखून ठेवला आहे. घराची आपण डागडुजी करतो, विहिरीतला गाळ काढतो, धोतराला ठिगळ लावतो, यंत्राची दुरुस्ती करतो. जीर्णोद्धार मात्र देवळाचा होतो. या शब्दयोजनेत एक जुना विवेक आहे. जी वस्तू वापरायची ती दुरुस्त करायची, आणि जी वस्तू आपल्याहून मोठी मानायची तिचा उद्धार करायचा. गेल्या काही दशकांत जुन्या मोटारीने ही सीमारेषा ओलांडली आहे. काल जी गाडी भंगारात निघत होती ती आज 'क्लासिक' ठरते. तिच्यासाठी माणसे मुंबई-पुण्याहून सुटे भाग शोधून आणतात, तिचे फोटो दिवाणखान्यात लावतात. ती घरी आली की पहिला प्रश्न उभा राहतो तो क्रमाचा. पैसा मोजका, वेळ मोजका, सुटे भाग दुर्मीळ. अशा वेळी आधी काय करायचे, मग काय, आणि काय करायचेच नाही?

प्रथमदर्शनी हा प्रश्न गॅरेजमधल्या मिस्त्रीचा आहे, साहित्याच्या विद्यार्थ्याचा नाही. आमचे म्हणणे असे की तो इतिहासाचाही प्रश्न आहे. दुरुस्तीचा क्रम हा मूल्यांचा क्रम असतो आणि तो प्रत्येक काळाने आपापल्या गरजेनुसार लावलेला असतो. आज आपल्या हाती आलेल्या जुन्या गाडीत असे निदान तीन काळ एकावर एक चढलेले आहेत. ते ओळखता आले नाहीत तर पैसा चुकीच्या जागी जातो. कधी कधी त्याहून अधिक काही जाते.

१. मोटारीआधीचे इंजिन

आम्ही हा विचार माणदेशाच्या संदर्भात मांडू इच्छितो. माणदेश म्हणजे साताऱ्यातले माण आणि खटाव, सांगलीतले आटपाडी आणि लगतचा जतचा दुष्काळी टापू, सोलापुरातले सांगोले. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. मराठी वाचकाला हा प्रदेश मुख्यतः व्यंकटेश माडगूळकरांमुळे माहीत आहे. 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) या दोन पुस्तकांनी त्याचे जे चित्र मराठी मनात कायमचे कोरले, त्यात मेंढरे आहेत, धनगर आहेत, दुष्काळ आहे आणि पायी तुडवलेली वाट आहे. ते जग चालणाऱ्यांचे आहे. त्यामुळे माणदेश आणि यंत्र यांचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वस्तुतः तो संबंध जुना आहे. आटपाडी ज्या औंध संस्थानात होती त्याच संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले, आणि १९२० मध्ये त्याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघाले. पुढे 'किर्लोस्कर' या नावाने त्याने मराठी वाङ्मयात काय कामगिरी केली ते आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. एवढेच लक्षात घ्यावे की मराठीतले एक महत्त्वाचे मासिक नांगराच्या भट्टीशेजारी जन्माला आले. दुसऱ्या बाजूला, साताऱ्याजवळ पाडळीला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. भारतात बनलेले पहिले डिझेल इंजिन म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते १९३३ साली तिथेच तयार झाले. किर्लोस्कर आणि कूपर ही दोन नावे त्यानंतर कित्येक वर्षे या भागातल्या विहिरींच्या काठावर ऐकू येत राहिली. मोटार दारात येण्याच्या कितीतरी आधी इंजिन शेतात आले होते.

या गोष्टीला आम्ही महत्त्व देतो, कारण इथल्या मिस्त्रीचे शिक्षण विहिरीवर झाले. ऐन उन्हाळ्यात तेलइंजिन बंद पडले तर उभे पीक किती दिवस तग धरील याचा हिशेब शेतकऱ्याच्या डोक्यात असे. मिस्त्रीला बोलावणे जाई ते पाणी चालू करण्यासाठी. इंजिनाचा रंग उडाला आहे, झाकणाला पोचा आला आहे, याकडे कोणी पाहत नसे. वॉशर नसेल तर ट्यूबचा तुकडा, गॅस्केट नसेल तर जाड पुठ्ठा. पाणी पाटात पडले की काम झाले. दुरुस्तीचा हा पहिला क्रम. त्यात एकच निकष आहे : जे थांबले आहे ते चालू करणे.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत दहिवडी, वडूज, आटपाडी, विटा इथे एसटीची आगारे उभी राहिली. आगाराबरोबर दुसरी एक शिस्त आली. गाडी बंद पडण्याची वाट न पाहता ठरावीक अंतरानंतर तपासायची, चालकाने ब्रेकची तक्रार नोंदवली तर ती लेखी नोंदवून घ्यायची, काम झाल्यावर सही करायची. विहिरीवरच्या मिस्त्रीला हे अपरिचित होते. पाणी उपसणारे इंजिन बंद पडले तर पीक जाते, पन्नास माणसे घेऊन उतारावर निघालेली गाडी थांबली नाही तर माणसे जातात. 'चालू करणे' आणि 'थांबवता येणे' हे दोन वेगळे निकष आहेत ही जाणीव आपल्याकडे आगाराने आणली असे म्हणता येईल. ती आगाराच्या भिंतीबाहेर किती पोहोचली हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

२. टंचाईने लावलेला क्रम

आज ज्या गाड्या 'क्लासिक' म्हणून विकत घेतल्या जातात त्यांतल्या बहुतेक टंचाईच्या काळातल्या आहेत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. प्रथम अमेरिकेतल्या क्रायस्लरशी सहकार्य होते, नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून इथे फियाट ११०० डी बनू लागली. तिलाच लोक 'डिलाइट' म्हणत. फियाटचा करार संपल्यावर तीच गाडी सत्तरच्या दशकात आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर ही ठेवण मात्र तशीच राहिली. इटलीत जे मॉडेल साठच्या दशकात मागे पडले ते आपल्याकडे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत होते.

याचे कारण रसिकता नव्हे. परवाना, आयातबंदी आणि किमतींवरील नियंत्रण यांच्या चौकटीत गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. मिळालेली गाडी विकून दुसरी घेण्याचा पर्याय व्यवहारात नव्हता. म्हणून ती चालवत राहायची, हा त्या पिढीचा धर्म झाला. बोअर घासला की बोअरचे काम करायचे, पुन्हा घासला की स्लीव्ह घालायची. पाटा तुटला की जुन्या पाट्यातून कापून बसवायचा. मूळ भाग मिळेना म्हणून दुसऱ्या कंपनीचा भाग कानस मारून जुळवायचा. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ही कला शिगेला नेली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. त्या हळहळीत गाडीची आठवण होती. तिला इतकी वर्षे चालती ठेवणाऱ्या कुर्ल्याच्या आणि ग्रँट रोडच्या मिस्त्र्यांची फारशी नव्हती.

खेड्यांत या टंचाईचे रूप अधिक उग्र होते आणि ते जीपच्या रूपाने दिसले. १९४७ पासून महिंद्रांनी विलीज जीप जुळवायला सुरुवात केली होती. सरकारी खात्यांतून निकाली निघालेल्या जुन्या जीप लिलावात विकल्या जात आणि तिथून तालुक्याच्या गावी पोहोचत. १९७३ नंतर पेट्रोल महागले तसे पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे बसवण्याची लाट आली. मागे समोरासमोर बाकडी टाकली, पाटे वाढवले, आणि जीपचे 'वडाप' झाले. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या बाहेर हा शब्द कदाचित कळणार नाही. बसायला जागा नसली तरी माणसे भरत राहणारी, मागच्या पायरीवर चार जण उभे असलेली खासगी प्रवासी जीप म्हणजे वडाप. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या वाड्यावस्त्यांना या गाडीनेच बाजार, दवाखाना आणि कॉलेज दाखवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु या सुधारणेचा क्रम पाहण्यासारखा आहे. इंजिन बदलले, कारण त्यात रोजचे पैसे वाचत. पाटे वाढवले, कारण त्यामुळे माणसे वाढत. ब्रेक बहुधा तेच राहिले, कारण ब्रेक पैसे मिळवून देत नाहीत. वाहनाचे वजन वाढले आणि ते थांबवणारी यंत्रणा जुन्या हिशेबाचीच उरली. विहिरीवर शिकलेला क्रम रस्त्यावर जसाच्या तसा आला तर काय होते त्याचे हे उदाहरण. त्याची किंमत घाटाघाटांत मोजली गेली.

३. आटपाडीला आलेली फियाट

आता आजच्या काळात येऊ. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातली हजारो कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या धंद्यात आहेत. सोने आटवून त्यातली भेसळ वेगळी करायची, शुद्ध धातू हाती द्यायचा, हा तो धंदा. पाऊस नाही म्हणून गाव सोडलेली ही माणसे भारतभरच्या सराफ बाजारांत पांगली आणि जत्रेला, लग्नाला, दिवाळीला गावी येत राहिली. जुन्या वस्तूंची हौस परवडणारा वर्ग माणदेशात मुख्यतः हाच. तेव्हा उदाहरणादाखल असे समजू या की आटपाडीच्या अशा एखाद्या कुटुंबाने मुंबईतून १९६८ ची फियाट ११०० डी विकत घेतली आहे. आजोबांना जी कधी मिळाली नाही ती नातवाने आणली. फलटणवरून मोगराळे घाट चढून, दहिवडी, गोंदवले, म्हसवड करत ती ट्रकवर लादून दारात आली. पुढे काय?

बहुतेक ठिकाणी पहिले काम रंगाचे होते. हे स्वाभाविक आहे. गाडी पाहायला गाव जमणार, लग्नात ती नवरदेवाला आणणार, फोटो निघणार. विकणाऱ्यालाही हे माहीत असते. म्हणून तोही विकण्याआधी रंग देतो. हा तिसरा काळ, 'दिसण्या'चा. विहिरीने 'चालणे' पहिले ठेवले, टंचाईने 'चालत राहणे' पहिले ठेवले, हौसेच्या बाजाराने 'दिसणे' पहिले ठेवले. थांबणे कोणीच पहिले ठेवले नाही.

आमच्या मते पहिले काम पान्याचे नाही, कागदाचे आहे. आरसी बुकावरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळतो का, मधल्या मालकांची साखळी पूर्ण आहे का, गाडी नावावर होते का? पाठ संपादताना आपण आधी पोथीचा लेखनकाल आणि लेखनिक पाहतो, त्यातलाच हा प्रकार. क्रमांक जुळत नसेल तर पुढचा सगळा खर्च दुसऱ्याच्या भिंतीला दिलेला गिलावा आहे.

याच टप्प्यावर एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो नंतर बदलणे कठीण असते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हिंटेज' असा स्वतंत्र वर्ग झाला. नव्या नोंदणीला 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. आधीच नोंद असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मूलगामी फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच आणता येते. दुसरा मार्ग सर्वसाधारण खासगी वाहनाचा : पंधरा वर्षे उलटलेली गाडी पाच-पाच वर्षांसाठी पासिंग करून घेत राहायची. पहिल्या मार्गाने गेले तर गाडी पोथी होते, दुसऱ्या मार्गाने गेले तर ती वाहन राहते. शिखर शिंगणापूरला चैत्राच्या यात्रेला तीच गाडी घेऊन जायचे असेल तर दुसराच मार्ग घ्यावा लागेल. गाडीत डिझेलचे इंजिन बसवण्याचा सल्ला गावात पहिल्याच दिवशी मिळतो. तो मानला तर पहिला मार्ग कायमचा बंद होऊ शकतो, हे निदान माहीत असावे.

४. क्रम

कागद जुळल्यावर गाडी खालून पाहायची. फियाट ११०० ला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा आहे. जीपचा पत्रा सडला तरी खाली चासी उभी असते, फियाटचा पत्रा सडला तर गाडीच सडते. माणदेशाची कोरडी हवा पत्र्याला मानवते, पण आपली गाडी मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आयुष्य काढून आली आहे. दाराखालचे पट्टे, पायाखालचा तळ, जॅक लावण्याच्या जागा, मागचे पाटे जिथे अडकवले आहेत ती टोके या ठिकाणी लोहचुंबक लावून पाहावा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. वर ताजा रंग असेल तर शंका अधिक घ्यावी. हे वेल्डिंगचे काम महागडे, वेळखाऊ आणि बाहेरून न दिसणारे असते. म्हणूनच ते टाळले जाते. पण रंग आधी आणि पत्रा नंतर असे केले तर रंग दोनदा द्यावा लागतो.

सांगाडा भक्कम आहे असे कळले की लगेच ब्रेक. या पिढीच्या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि हायड्रॉलिक ब्रेकचे एकच सर्किट असते. कुठल्याही एका चाकाचा रबरी वायसर फाटला किंवा एक नळी गंजून फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. उरतो तो हँडब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेते, आणि वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ते नळ्या आतून गंजवत असते. म्हणून लायनर बदलणे पुरेसे नाही. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज, धातूच्या नळ्या हे सगळे एकत्र तपासून बदलायला हवे आणि हँडब्रेक वेगळा पारखायला हवा. त्याच बैठकीत टायर. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे झालेले असते. बाजूवर कोरलेले चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि ते आकडे कोरलेलेच नसतील तर टायर किती जुना आहे हे त्यानेच सांगितले असे समजावे. मग स्टिअरिंगचे सांधे आणि चाकांची बेअरिंग. आटपाडीहून फलटणला निघालेली गाडी मोगराळे घाट उतरते, साताऱ्याला निघालेली वर्धनगडाचा घाट पार करते. इंजिन दुबळे असेल तर ती घाट चढणार नाही, एवढेच होईल. उताराचा प्रश्न तसा नाही.

तिसरे, आग. पन्नास वर्षांच्या गाडीतली वायर कापडाच्या किंवा कडक झालेल्या प्लास्टिकच्या वेष्टनातली असते आणि प्रत्येक मालकाने तिला हॉर्न, टेप, पंखा असे काहीतरी जोडलेले असते. त्यात आता एका नव्या कारणाची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभरातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. जुन्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे, कार्बोरेटरची गॅस्केटे या इंधनासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात, चिरतात, गळतात. गरम इंजिनावर पेट्रोल गळणे म्हणजे काय ते सांगायला नको. यातला योगायोग असा की हे इथेनॉल ज्या उसापासून येते तो माणदेशाच्या वेशीवर, कृष्णाकाठी पिकतो. ज्या पाण्याची वाट माणदेशाने पिढ्यान् पिढ्या पाहिली ते पाणी पिऊन वाढलेला ऊस आता माणदेशातल्या जुन्या गाडीची नळी कुरतडतो आहे. इथेनॉलला टिकणारी नळी कमी खर्चात मिळते. ती आधी घालावी.

चौथे, पाणी आणि तेल. रेडिएटर साफ करून घेणे, होज बदलणे, पंप पाहणे, सगळी तेले बदलणे. चैत्र-वैशाखात म्हसवडच्या रस्त्यावर इंजिन तापून हेडचे गॅस्केट उडाले तर जी रक्कम जाते तिच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

इंजिन पाचव्या क्रमांकावर येते, आणि इथे बहुतेकांची निराशा होते. पण इंजिन उघडण्याआधी काही महिने गाडी चालवून पाहावी. कॉम्प्रेशन मोजावे, धूर कोणत्या रंगाचा आहे ते पाहावे, तेल किती खाते त्याची नोंद ठेवावी. पुष्कळदा पॉइंट, कॉइल, कार्बोरेटर आणि टॅपेट यांची नीट जुळणी केल्यावर 'काम काढायला आलेले' इंजिन आणखी दहा वर्षे चालते. गलाईच्या धंद्यात आटवण्याआधी कसाला लावून पाहतात. न पारखता मुशीत टाकत नाहीत.

आसने, अस्तर, क्रोम आणि रंग शेवटी. ही कामे गौण आहेत असे आम्ही म्हणत नाही. गाडीवरचे प्रेम याच कामांतून दिसते आणि घरातल्या बायकामुलांचा त्यात सहभाग होतो. पण ती मागे ढकलल्याने काही बिघडत नाही, उलट पहिल्या चार कामांना उशीर झाला तर ही करण्याची वेळच येणार नाही.

सुधारणांचा, म्हणजे मूळ गाडीत नसलेले काही घालण्याचा, प्रश्न याहून नाजूक आहे. आम्ही एक कसोटी सुचवतो : जी सुधारणा पत्रा न कापता काढून टाकता येते ती करावी. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, दिव्यांना रिले, शक्य तिथे सीटबेल्ट, मागे स्पष्ट दिसतील असे इंडिकेटर. या सगळ्यांत जुना भाग पेटीत जपून ठेवता येतो आणि उद्याच्या मालकाला तो परत बसवता येतो. वातानुकूलनासाठी पुढचा पत्रा कापणे, दुसऱ्या जातीचे इंजिन बसवण्यासाठी आधार तोडणे, रुंद टायरसाठी मडगार्ड वाकवणे या गोष्टी परत फिरत नाहीत.

५. कोणता पाठ मूळ?

इथे साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीची जागा येते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरांनी आणि प्रक्षेपांनी मलिन झालेला ग्रंथ त्यांनी साफ केला आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये असे बजावले. तीनशेहून अधिक वर्षांनी, १९०९ मध्ये, वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व असल्याचा दावा करत वेगळ्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. तेव्हापासून प्रश्न उभा आहे : मूळ ज्ञानेश्वरी कोणती, जी सर्वांत जुनी ती, की जी वारकऱ्यांच्या ओठांवर टिकली ती? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा तिने या प्रश्नाला दिलेले उत्तर शिस्तीचे होते. निवडलेला पाठ वर, आणि नाकारलेले सगळे पाठभेद खाली, एकही न गाळता.

जुन्या गाड्यांच्या जगानेही जवळपास याच दिशेने वाटचाल केली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंबाबत जे सांगितले होते, की जीर्णोद्धार तर्काच्या सीमेपाशी थांबला पाहिजे आणि प्रत्येक काळाने घातलेली योग्य भर आदराने राखली पाहिजे, त्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिनची सनद स्वीकारली. जतन, संवर्धन आणि पुनर्स्थापना या वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि कमीत कमी हस्तक्षेपाची क्रिया आधी पसंत करावी, हा तिचा आशय.

मात्र युरोपातल्या गाडीला आणि आपल्या गाडीला ही सनद एकाच अर्थाने लागू पडत नाही, असे आम्हांला वाटते. ट्युरिनच्या संग्रहालयातल्या फियाटला एक कारखान्यातला मूळ पाठ आहे. आपल्या फियाटचा मूळ पाठ कुर्ल्याचा आहे आणि त्यावर पन्नास वर्षांचे प्रक्षेप आहेत : कोणा मिस्त्रीने घडवलेला पितळी बुश, ट्रॅक्टरच्या पाट्यातून कापलेला तुकडा, पंक्चर काढणाऱ्याने वळवलेला आकडा. 'ओरिजिनल'च्या हट्टाने ते सगळे फेकले तर गाडी १९६८ ची होईल, पण १९६८ ते आजपर्यंतचा तिचा भारतातला इतिहास पुसला जाईल. तो इतिहास अन्यत्र कुठे लिहिलेला नाही. त्या मिस्त्र्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांचे अक्षर म्हणजे हा बुश.

याचा अर्थ प्रत्येक जुगाड पूजनीय आहे असा नाही. ब्रेकच्या नळीला गुंडाळलेली तार हा पाठभेद नव्हे, तो अपघात आहे. ती त्याच दिवशी निघाली पाहिजे. जिथे माणसाचा जीव अवलंबून आहे तिथे जुन्याचा आदर आड येऊ देता कामा नये, आणि जिथे तो नाही तिथे नव्याची घाई आड येऊ देऊ नये. वरचा क्रम याच भेदावर उभा आहे. म्हणूनच त्यातली पहिली चार कामे सक्तीची आहेत आणि पुढच्यांत विचाराला जागा आहे.

भांडारकरी शिस्त गॅरेजमध्ये आणणे फार अवघड नाही. एक वही लागते आणि एक पत्र्याची पेटी. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून पेटीत ठेवायचा. वहीत तारीख, काम, का केले, कोणी केले, हे लिहायचे. एसटीच्या आगारात हे रोज होते, घरच्या गाडीत क्वचितच होते. मिस्त्रीचे नाव त्या वहीत जरूर असावे. माणदेशात आज सत्तरी ओलांडलेले जे मिस्त्री आहेत, त्यांतल्या काहींनी विहिरीवरच्या इंजिनापासून सुरुवात केली, वडापच्या जीपची इंजिने बदलली, आणि कार्बोरेटरचा आवाज ऐकून जेट कोणता बसवला आहे ते सांगू शकतात. त्यांच्या हाताखाली आता कोणी शिकत नाही, कारण नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही. जुनी फियाट दारात उभी करणाऱ्याने रंगाचा नमुना निवडण्याआधी अशा एका मिस्त्रीला घरी बोलवावे, गाडी उघडावी, आणि तो जे बोलेल ते वहीत उतरवून घ्यावे. हे काम क्रमात कुठे बसवायचे असे कोणी विचारले तर आम्ही ते कागदपत्रांच्या शेजारी ठेवू. पत्रा पुढच्या वर्षीही वेल्ड करता येतो. मिस्त्री पुढच्या वर्षी भेटेलच असे नाही.